द्राक्षवेलीवरील बुरशीजन्य रोग : प्रतिबंधाचा गावपातळीवरील विचार

महाराष्ट्राच्या फळशेतीत द्राक्षाइतके भांडवल, श्रम आणि जागरूकता मागणारे दुसरे पीक क्वचितच आढळेल. नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी व चांदवड, सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज व पलूस, सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नर, इंदापूर या तालुक्यांत द्राक्षाने अनेक गावांचा कायापालट घडवून आणला. मांडवाचे लोखंड, तारा, ठिबक सिंचन, खते, औषधे आणि मजुरी यांवर होणारा खर्च मोठा असतो आणि त्यातील बराचसा भाग सोसायटीच्या वा बँकेच्या कर्जातून उभा राहतो. अशी बाग ऐन फुलोऱ्यात असताना चार दिवस ढगाळ हवा आणि दोन रात्रींचा पाऊस पुरेसा होतो. पाहता पाहता घड काळवंडतात, मणी गळतात आणि वर्षाची मेहनत मातीस मिळते. हानी एकट्या बागाईतदाराची राहत नाही. विरळणीस येणाऱ्या मजूर स्त्रिया, वाहतूकदार, शीतगृहे, बेदाणा शेडवरील कामगार आणि कर्ज देणारी संस्था या सर्वांपर्यंत तिची झळ पोहोचते.

या हानीच्या मुळाशी बहुतेक वेळा तीन बुरशीजन्य रोग असतात : केवडा, भुरी आणि करपा. त्यांच्यावरील औषधांची माहिती बागाईतदारांस पुष्कळ असते. तथापि हे रोग औषधाच्या टाकीपाशी नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी, छाटणीची तारीख ठरताना, फुटींची दाटी होताना आणि शेजारची बाग ओस पडताना वाढीस लागतात, ही गोष्ट पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. म्हणूनच या प्रश्नाचा विचार केवळ कृषी खात्याने न करता ग्रामपंचायत, शाळा व सहकारी संस्था यांनीही करणे अगत्याचे आहे.

एक वेल, दोन छाटण्या

युरोपातील द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून निद्रिस्त होते. वसंतात ती फुटते, उन्हाळ्यात तिला फळ धरते आणि शरदात काढणी होते. महाराष्ट्राच्या उष्ण हवामानात वेलीस अशी दीर्घ विश्रांती मिळत नाही. म्हणून येथील बागाईतदारांनी वर्षातून दोन छाटण्यांची पद्धत रूढ केली. एप्रिलच्या सुमारास होणारी खरड छाटणी पुढील हंगामाची काडी तयार करण्यासाठी असते. ऑक्टोबरच्या सुमारास होणारी गोडी छाटणी ही फळासाठी असते. या दुसऱ्या छाटणीनंतर साधारणपणे दहा-बारा दिवसांत डोळे फुटतात, चाळिसाव्या दिवसाच्या आसपास फुलोरा येतो आणि चार महिन्यांनंतर काढणीस आरंभ होतो.

या व्यवस्थेत मोठे शहाणपण आहे. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन यांसारखे लोकप्रिय वाण युरोपीय जातीचे असून बुरशीजन्य रोगांना सहज बळी पडतात. पावसाळा संपल्यावर फळ धरावयाचे आणि थंड, कोरड्या हवेत ते पोसावयाचे, असा या पद्धतीचा गाभा आहे. म्हणजे फळास रोगांपासून मिळणारे पहिले संरक्षण औषधाचे नसून ऋतूचे आहे.

मात्र हे संरक्षण अरुंद बांधासारखे आहे. परतीचा पाऊस लांबला अथवा अरबी समुद्रात वादळ निर्माण झाले की कोवळी फूट आणि पाऊस यांची गाठ पडते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाच्या वेळी झालेल्या अवकाळी पावसानंतर राज्यातील द्राक्षबागांत केवड्याने मोठी हानी केली. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये क्यार आणि पाठोपाठ महा ही चक्रीवादळे अरबी समुद्रात उद्भवली. त्या लांबलेल्या पावसात नाशिक भागातील अनेक बागांची तीच अवस्था झाली.

यास बाजाराचीही एक बाजू आहे. नाशिक जिल्ह्यातील सटाणा, कळवण, देवळा या भागांत काही बागाईतदार हंगामापूर्वी, म्हणजे पावसाळ्यातच, फळछाटणी करतात. त्यांची द्राक्षे लवकर बाजारात येतात व भाव चांगला मिळतो. परंतु त्यांची कोवळी फूट भर पावसात उभी असते. छाटणीची तारीख निवडताना बागाईतदार भाव आणि रोग यांच्यात एक प्रकारे पैज लावीत असतो. ही निवड त्याची स्वतःची आहे. पण ती करताना धोक्याचे मोजमाप त्याच्यापुढे स्पष्ट असले पाहिजे.

केवडा : पाण्यात पोहणारा शत्रू

तिन्ही रोगांत केवडा सर्वांत घातक होय. बागाईतदार त्यास ‘डाऊनी’ या नावानेही ओळखतात. त्यास कारणीभूत होणाऱ्या सूक्ष्म जीवास शास्त्रज्ञ प्लाझ्मोपॅरा व्हिटिकोला म्हणतात. आधुनिक वर्गीकरणानुसार तो खऱ्या बुरशींत मोडत नाही, पाण्यातील शैवालांशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. व्यवहारात त्यास बुरशीच म्हटले जाते. पण या नात्यातच त्याच्या स्वभावाची किल्ली आहे. तो पाण्यावाचून आक्रमण करू शकत नाही.

पानाच्या खालच्या बाजूस असलेली पर्णरंध्रे हे त्याचे प्रवेशद्वार. पाऊस वा दाट दव यांमुळे पानावर पाण्याचा पातळ थर राहिला, की बीजाणूंतून अतिसूक्ष्म चलबीजाणू बाहेर पडतात, त्या थरात पोहत पर्णरंध्रापर्यंत पोहोचतात आणि आत तंतू सोडतात. त्यानंतर काही दिवस बाहेरून काहीच दिसत नाही. अनुकूल हवेत साधारणतः पाच ते दहा दिवसांनी पानाच्या वरच्या बाजूस फिकट पिवळे, तेल सांडल्यासारखे डाग उमटतात. मग एखाद्या दमट रात्री त्याच डागाच्या खालच्या बाजूस पांढरी, कापसासारखी वाढ होते. ही वाढ म्हणजे नव्या बीजाणूंचे पीक होय. ते अंधारात व अत्यंत दमट हवेतच तयार होते. वीस ते पंचवीस अंश सेल्सिअस तापमान त्यास विशेष मानवते. गोडी छाटणीनंतरच्या ढगाळ दिवसांत नेमके असेच तापमान असते.

पानावरील रोग वेलीस दुर्बल करतो, तर घडावरील रोग पिकाचा निकाल लावतो. फुलोऱ्यापूर्वीची दोडा अवस्था, फुलोरा आणि मणी धरण्याचा काळ हे सर्वांत नाजूक टप्पे होत. या काळात लागण झाल्यास घड तपकिरी होऊन वाळतो, कुजतो वा गळतो. मणी धरल्यानंतर काही आठवड्यांनी त्यांच्यावरील रंध्रे बंद होत जातात आणि त्यांच्यात या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती येते. देठ आणि पाने यांस मात्र धोका राहतोच.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. तेलकट डाग दिसणे ही रोगाची सुरुवात नसून त्याच्या एका फेरीची अखेर असते. डाग दिसल्यावर धावाधाव करणारा बागाईतदार रोगाच्या एक आठवडा मागे असतो. पाऊस किती पडला याबरोबरच पाने किती तास ओली राहिली, याची नोंद ठेवणारा बागाईतदार रोगाच्या पुढे असतो.

भुरी : कोरड्या ढगाळ हवेचा रोग

भुरीचा स्वभाव केवड्याच्या उलट आहे. एरिसिफे निकेटर या बुरशीमुळे होणाऱ्या या रोगास पानावर पाणी साचण्याची आवश्यकता नसते. उलट जोरदार पावसाने तिचे बीजाणू धुऊन जातात. ढगाळ हवा, हवेतील दमटपणा, मध्यम तापमान आणि मांडवाखालची दाट सावली तिला पोषक असते. म्हणूनच पाऊस थांबला, केवड्याची भीती सरली आणि बागाईतदाराने निःश्वास टाकला, की डिसेंबर-जानेवारीत भुरी आपले काम सुरू करते.

ही बुरशी पानाच्या वा मण्याच्या पृष्ठभागावर पसरते आणि केवळ सूक्ष्म शोषकांगे आत घालून अन्नरस ओढून घेते. राख उधळल्याप्रमाणे दिसणारी तिची पांढुरकी भुकटी बोटाने पुसता येते. लहान मण्यांवर ती आल्यास मण्याची साल ताठर होते. पुढे आतील गर वाढला की मणी तडकतो आणि तडकलेल्या मण्यातून कूज शिरते. अशी द्राक्षे ना निर्यातीस चालतात, ना बेदाण्यास.

भुरी पृष्ठभागावर राहत असल्यामुळे गंधकासारखा साधा उपायही तिच्यावर परिणामकारक ठरतो. मात्र कडक उन्हात गंधकामुळे पाने व मणी भाजण्याचा संभव असतो. तेव्हा फवारणी तापमान पाहूनच करावी लागते.

करपा : काडीतून काडीकडे

तिसरा रोग करपा. एल्सिनोए अँपेलिना या बुरशीमुळे कोवळी पाने, फुटी, बाळ्या व मणी यांवर लहान, खोलगट डाग पडतात. डागाचा मध्य राखाडी व कड काळपट असते. मण्यावर तो पक्ष्याच्या डोळ्यासारखा दिसतो. पानावरील डागाचा मध्यभाग गळून तेथे छिद्र पडते आणि फुटीचा शेंडा जळाल्यासारखा होतो.

या रोगाचा प्रसार पावसाच्या थेंबांबरोबर होतो. त्याचे बीज जुन्या काडीवरील व्रणांत दडून राहते. एप्रिल छाटणीनंतरची कोवळी फूट जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतून जाते, तेव्हा करपा बळावतो. त्या काळात बागेत फळ नसल्याने पुष्कळ ठिकाणी या रोगाकडे दुर्लक्ष होते. परंतु पावसाळ्यात बिघडलेली काडीच ऑक्टोबरात फळासाठी वापरावी लागते. रोगट काडी छाटून बागेतच टाकणे म्हणजे पुढील वर्षाच्या रोगाची पेरणी करणे होय. छाटलेल्या रोगट काड्या बागेबाहेर नेऊन नष्ट केल्या पाहिजेत.

खुंटासंबंधी एक गैरसमज येथे दूर करावयास हवा. अनेक बागांत डॉगरिजसारख्या खुंटांवर कलमे केलेली असतात. खारी जमीन व पाण्याची टंचाई यांस हे खुंट तोंड देतात. परंतु खुंट बळकट असला म्हणून त्यावरील वाणाच्या पानांस केवडा वा करपा होत नाही, असे नाही. पानाची रोगप्रवणता वाणावर अवलंबून असते.

रस्त्याकडेच्या वेलींचा धडा

या रोगांवरील पहिल्या उपायांचा इतिहास उद्बोधक आहे. केवडा आणि भुरी हे दोन्ही रोग मूळचे उत्तर अमेरिकेचे. तेथील रानटी वेली त्यांच्यासोबत दीर्घकाळ वाढल्या असल्याने त्यांस फारशी इजा होत नाही. इंग्लंडमधील मार्गेट येथे १८४५ साली टकर नावाच्या माळ्यास काचघरातील द्राक्षांवर भुरी आढळली. काही वर्षांतच ती फ्रान्समध्ये पसरली आणि १८५४ साली तेथील मद्योत्पादन नीचांकास पोहोचले. गंधकाच्या भुकटीने फ्रेंच बागा सावरल्या.

त्यानंतर मुळांवरील फायलोक्सेरा या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त होऊ लागल्या. तिला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेली तेथे आणण्यात आल्या. त्यांच्यासोबत केवडाही आला आणि १८७८ साली फ्रान्समध्ये त्याची नोंद झाली. एका संकटावरील उपाय दुसऱ्या संकटास कारण ठरला. परराज्यातून वा परदेशातून रोपे व कलमे आणताना तपासणीचा आग्रह का धरावा, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

बोर्दो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांना १८८२ साली मेदोक भागातील सां-ज्युलियाँ येथे एक चमत्कारिक दृश्य दिसले. इतरत्र वेली केवड्याने पर्णहीन झाल्या असता रस्त्याकडेच्या वेलींची पाने टवटवीत होती. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून त्या वेलींवर मोरचूद व चुना यांचे निळसर मिश्रण शिंपडलेले होते. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ गेयों यांच्या साहाय्याने प्रयोग करून १८८५ साली हा उपाय प्रसिद्ध केला. तेच आजचे बोर्डो मिश्रण होय.

एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. निम्म्या पाण्यात मोरचूद विरघळवावे व उरलेल्या पाण्यात चुना विरवून गाळून घ्यावा. त्यासाठी लाकडी, मातीची वा प्लॅस्टिकची भांडी वापरावीत, लोखंडी भांडे वर्ज्य करावे. मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या निवळीत ढवळत ओतावे. मिश्रणात स्वच्छ लोखंडी खिळा क्षणभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला असे समजून आणखी निवळी घालावी. तयार मिश्रण त्याच दिवशी वापरावे. कोवळ्या फुटीवर तीव्र मिश्रणाने इजा होते आणि घडांवर त्याचे डाग राहतात. म्हणून ते केव्हा व किती प्रमाणात वापरावे, हे तज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवावे. तांबे मातीत साठून राहते, ही त्याची दुसरी मर्यादा होय. याच कारणास्तव युरोपीय संघाने शेतजमिनीवर तांब्याचा वापर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपर्यंत मर्यादित केला आहे.

औषधांची मर्यादा

बोर्डो मिश्रण पानावर राहून बीजाणूस आत शिरू देत नाही. पुढील काळात वनस्पतीच्या आत भिनणारी आंतरप्रवाही औषधे निघाली. त्यांचा गुण झटपट दिसत असल्याने बागाईतदारांचा त्यांच्यावर भर राहिला. परंतु ही औषधे बुरशीच्या एखाद्याच जीवनक्रियेवर आघात करतात. तेच औषध पुन्हा पुन्हा वापरल्यास त्यातून तगलेली बुरशी वाढत जाते आणि औषध निष्प्रभ ठरते. मेटॅलॅक्झिल हे केवड्यावरील औषध १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभीच फ्रान्समधील बागांत त्यास दाद न देणारी बुरशी आढळली. औषधाचे व्यापारी नाव बदलले म्हणजे औषध बदलले असे होत नाही, आतील घटक व त्याचा गट बदलला पाहिजे, ही गोष्ट कृषी सहायकांनी आवर्जून समजावून सांगण्यासारखी आहे.

दुसरी मर्यादा उर्वरित अंशांची. २०१० साली युरोपात गेलेली भारतीय द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे अडवली गेली. हे रसायन बुरशीनाशक नसून वाढनियंत्रक होते. पण रसायनाचा कोणताही अंश निर्यातदाराची पत कशी घालवितो, हे त्या हंगामाने दाखवून दिले. निर्यातीच्या द्राक्षांचा मागोवा बागेपर्यंत घेता यावा यासाठी अपेडाने २००६ साली ग्रेपनेट ही नोंदणी व्यवस्था सुरू केली. १९९७ साली स्थापन झालेले पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र शिफारस केलेल्या औषधांची यादी आणि प्रत्येक औषधाच्या शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत सोडावयाचे दिवस प्रसिद्ध करते. परदेशी ग्राहकासाठी पाळावयाचे हे नियम आपल्या घरातील मुलांसाठीही तितक्याच कसोशीने पाळले पाहिजेत, हे वेगळे सांगावयास नको.

तिसरी बाब फवारणी करणाऱ्याच्या जिवाची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. तेथे प्रश्न कीटकनाशकांचा होता, पण धडा सर्वांसाठी आहे. द्राक्षबागेत ब्लोअर चालविणारा व औषध कालविणारा मजूर हंगामभर रसायनांच्या सान्निध्यात असतो. हातमोजे, मुखवटा, अंगभर कपडे आणि फवारणीनंतर साबणाने स्नान यांची सोय करणे हे मालकाचे कर्तव्य होय.

बागेत हवा खेळू द्या

औषधाची गरज कमी करणारे उपाय साधे आहेत आणि त्यांचा पाया एकच : पान लवकर सुकले पाहिजे. वेलीवर जादा फुटी राखल्या तर पानांचे थर एकमेकांवर चढतात, दव उशिरापर्यंत टिकते, औषध आतील घडापर्यंत पोहोचत नाही आणि सावलीत भुरी वाढते. यासाठी फेलफुटी व बगलफुटी वेळीच काढणे, फुटींची विरळणी करणे आणि घडांभोवतीची काही पाने कमी करणे ही कामे फवारणीइतकीच महत्त्वाची आहेत. वाय आकाराच्या मांडणीत हवा व ऊन अधिक खेळते. नत्राचा अतिरेक झाल्यास फूट लुसलुशीत व रोगप्रवण होते. म्हणून खताची मात्रा माती व देठ परीक्षणावरून ठरवावी. बागेत पाणी साचू देऊ नये, तण माजू देऊ नये. गोडी छाटणीच्या वेळी गळालेली रोगट पाने गोळा करून बागेबाहेर पुरावीत, कारण केवड्याचे बीज त्यांत तग धरून राहते.

रोग सहन करणाऱ्या वाणांच्या दिशेनेही प्रयत्न झाले आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकन जातीचा कॅटॉबा आणि युरोपीय जातीचा ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ हा रसासाठी उपयुक्त वाण विकसित केला असून तो बुरशीजन्य रोगांस बऱ्याच प्रमाणात तोंड देतो.

बांधापलीकडील जबाबदारी

बीजाणू वाऱ्यावर व पावसाच्या शिंतोड्यांवर प्रवास करतात. सातबारा त्यांना अडवू शकत नाही. गावातील एक बाग मालकाच्या आजारपणामुळे, कर्जामुळे वा भावकीच्या वादामुळे ओस पडली तर ती भोवतालच्या बागांस रोगाचा कायम पुरवठा करीत राहते. अशा बागेचा प्रश्न ग्रामसभेत सामोपचाराने सोडविणे, मालकास शक्य नसल्यास शेजाऱ्यांनी वा सोसायटीने तिची छाटणी व स्वच्छता करणे, हे काम पंचायत सदस्यांच्या पुढाकाराविना होत नाही. कोरडवाहू गावात विहिरीच्या गाळाचा प्रश्न जसा सामाईक मानला जातो, तसाच द्राक्षाच्या गावात रोगट काडीचा प्रश्न सामाईक मानला पाहिजे.

हवामानाच्या माहितीसही हेच लागू पडते. राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली आहेत. मात्र मंडळातील सर्व गावांत पाऊस सारखा पडत नाही. ग्रामपंचायतीने वा शाळेने साधे पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस आणि सकाळी पाने किती वाजेपर्यंत ओली होती याची नोंद फळ्यावर लिहिल्यास गावातील प्रत्येक बागाईतदारास फवारणीचा निर्णय घेण्यास आधार मिळेल. कित्येक फवारण्या केवळ भीतीपोटी होतात, तर कित्येक आवश्यक फवारण्या माहितीअभावी चुकतात. अशी नोंद दोन्ही टाळू शकते.

शिक्षकांस या विषयात एक सुंदर प्रयोग करता येईल. तेलकट डाग असलेले ताजे पान ओल्या कापसाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी रात्रभर अंधारात ठेवावी. डाग केवड्याचा असल्यास बहुधा सकाळी पानाच्या खालच्या बाजूस पांढरी वाढ दिसते. साध्या भिंगातून ती मुलांस दाखविता येते. पान हाताळल्यावर हात धुवावेत आणि प्रयोगानंतर ते पुरून टाकावे. फवारलेल्या बागेतील पान मुलांना तोडावयास सांगू नये. बागाईतदाराच्या मुलाने घरी जाऊन ‘हा डाग खताच्या कमतरतेचा नाही, केवड्याचा आहे’ असे खात्रीपूर्वक सांगितले, तर त्या दिवशीचा विज्ञानाचा तास सार्थकी लागला असे म्हणता येईल.

महाराष्ट्रातील द्राक्षशेती उभी राहिली ती बागाईतदारांनी एकमेकांस ज्ञान दिल्यामुळे. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाची वाटचाल याची साक्ष देते. औषधे बदलत राहतील, वाणही बदलतील. पण पाऊस आणि कोवळी फूट यांची गाठ पडण्याचा प्रसंग दर वर्षी येणारच. त्या प्रसंगी एकट्या बागाईतदाराने रात्रीबेरात्री पंप सुरू करावा, की सबंध गावाने आधीच बागा स्वच्छ, फुटी मोकळ्या व नोंदी तयार ठेवाव्यात, हा निर्णय गोडी छाटणीच्या आधी घ्यावयाचा असतो. ऑक्टोबरपूर्वीच्या ग्रामसभेत या विषयास अर्धा तास दिला गेला, तरी पुष्कळसे पीक वाचू शकेल.